आखाजीला बंद असलेलं दुकान

आप्पा, मोठी माय, तुमची आई, गेली. या वेळी खरंच गेली.

दहाव्याला मी आणि माय गावी गेलो होतो. नदीला पाणी नव्हतं, वाळूत एक डबकं होतं. त्याच्या काठावर काकाला आणि त्याच्या दोन्ही मुलांना ओळीने बसवून गावच्या न्हाव्याने वस्तरा फिरवला. आम्ही बायका जरा लांब, बाभळीखाली उभ्या होतो. भाऊबंदकीतला एक म्हातारा म्हणाला, थोरला असता तर पहिलं डोकं त्याचं झालं असतं. सगळ्यांनी माना हलवल्या, मायने पदर डोळ्यांना लावला. मी मान हलवली नाही. माझ्या मनात आलं, त्याचं झालेलं आहे. आई जिवंत असताना तिच्या नावाने डोकं आणि मिशी उतरवून, तिच्यासाठी रडून, तोंडचा घास सोडून तो मोकळा झालेला आहे, आणि हे त्याच्याकडून मी करवून घेतलं आहे. तिथून परत आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल प्रयोगशाळेत एक साधा राखाडी रंग जुळवताना कापडाचे तीन तुकडे वाया घालवले. साहेबांनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, बरं आहे.

आपल्या घरात अहिराणीच होती. मी लिहिते आहे ती शाळेतली मराठी. तिच्यात मी तुमच्याशी कधी बोलले नाही, म्हणूनच हे लिहायला जमतं आहे असं वाटतं.

माय सांगते, तुम्ही सुरतेला आलात तेव्हा उधन्यात माग लगेच मिळाला, खोली थोड्या दिवसांनी मिळाली, आणि न्हावी मात्र वर्षभर मिळाला नाही. एकाकडे गेलात तर त्याने सांगितलं त्यापेक्षा जास्त कापले. दुसरा कापता कापता तुमच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशी भांडायचा. तिसऱ्याचं दुकान आरशांचं, तिथे तुम्हाला संकोच वाटायचा. शेवटी रेल्वे फाटकाजवळची ती लाकडी टपरी सापडली. तो आपल्याकडचा, आपल्या गावापासून दोन कोसांवरचा. पण तिथेही अडचण होतीच. तुमच्या कारखान्याची वीज सोमवारी बंद, म्हणून तुमची सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी सगळे न्हावी बंद. गुरुवारी आणि शनिवारी माय केस कापू द्यायची नाही. मग तुम्ही रात्रपाळी संपवून तसेच फाटकाकडे जायचात, केसांत सुताचा भुरा घेऊन. तो आधी कंगव्याने भुरा काढायचा आणि म्हणायचा, आप्पा, आज तुमच्या डोक्यातून एक पदर तरी निघेल, बाकीची साडी पुढच्या खेपेला.

मी लहान असताना तुम्ही मला बरोबर न्यायचात. बाकावर बसून मी बघायचे. तुरटीचा खडा, पाण्याची पिचकारी, खुर्चीच्या पाठीला लावलेली डोकं टेकायची लाकडी फळी. तो माणूस बोलायला पक्का आणि हाताला कच्चा होता. तुमचा डावा कल्ला उजव्यापेक्षा नेहमी खाली राहायचा. कंपासपेटी मिळाली त्या वर्षी मी पट्टी बरोबर घेऊन गेले, आणि तुम्ही खुर्चीतून उठायच्या आत तुमच्या दोन्ही गालांना लावून बघितली. फरक किती आहे ते मोठ्याने सांगितलं. बाकावरचे लोक हसले. न्हावीही हसला, पण त्याने कात्री जरा जोरात खाली ठेवली. तुम्ही उठून पैसे दिलेत. फाटक ओलांडल्यावर थांबलात आणि म्हणालात, मी तिथे कल्ले मोजून घ्यायला जात नाही. गळ्याशी वस्तरा असताना डोळे मिटता आले पाहिजेत, तेवढ्यासाठी जातो. मला तेव्हा ते पटलं नाही. चूक ती चूक, असं मला वाटायचं. तुम्ही रागावलात असं धरून मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही एक पोलादी पट्टी आणलीत. मोजायचंच असेल तर वाकणार नाही अशा पट्टीने मोज, म्हणालात. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

पुढे मी मोठी झाले आणि टपरीत बसायचं बंद झालं. कधी निरोप द्यायला जावं लागलं तर मी फाटकाजवळ उभी राहायचे आणि आतून कोणीतरी तुम्हाला सांगायचं, आप्पा, पोरगी आलीय. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुम्हाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. मला हे वाक्य तंतोतंत आठवतं. मी ते मायला समजावूनसुद्धा सांगितलं होतं.

तेव्हा आपण डिंडोलीच्या खोलीत राहायला आलो होतो. वैशाखाचं ऊन, पत्र्याखाली तुम्ही दिवसभर पडून. केस मानेपर्यंत आले, दाढी वाढली, उशीला टेकून टेकून डोक्याच्या मागे पुळ्या झाल्या. भात भरवला की शितं मिशीत अडकायची, मी ओल्या फडक्याने ती काढायचे. माय म्हणाली, फाटकावरच्याला बोलाव, तो घरी येईल. मी कॉलेजातून परस्पर उधन्याला गेले. टपरीला फळ्या लावलेल्या होत्या. शेजारचा पानवाला म्हणाला, वो तो गाँव गया, आखाजी करके आएगा. मला लक्षात यायला हवं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उधन्यातला अर्धा खानदेश गावी जातो. निम्मे माग बंद असतात. पानवाल्याने सांगितलं, आठ-दहा दिवसांत येईल. मी मनाशी हिशेब केला. माझी तोंडी परीक्षा त्याच दिवसांत होती आणि तुमच्या पुळ्यांतून पाणी येत होतं. आठ-दहा दिवस मला जास्त वाटले.

मग मी दुसरा न्हावी शोधू लागले. पुरुषांच्या सलूनबाहेर एकटी मुलगी उभी राहिली की आतली कात्री थांबते, हे मला तेव्हा कळलं. मी पायरीवर चढायचे नाही, रस्त्यावरूनच विचारायचे. एकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एका मोठ्या दुकानात मालक गुजराती होता, चांगल्या शब्दांत म्हणाला, बेन, अमे घेर नथी जता, घरी जात नाही आम्ही. त्याच्या खुर्चीतला माणूस चेहऱ्याला साबण तसाच ठेवून माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या ठिकाणी आजारी माणूस म्हटल्यावर कोणता आजार, कोणता आजार असं तिघांनी विचारलं. चौथ्या ठिकाणी मी गेलेच नाही. लांबून बघितलं, आत गर्दी होती, वळले. त्याचं नाव लोक चांगलं घ्यायचे. डिंडोलीत आपल्या लोकांचं तेच दुकान होतं आणि आपल्या मजल्यावरचे सगळे तिथेच जायचे. तिथला माणूस घरी आला असता.

भाजीबाजाराच्या कडेला एक जण लाकडी पेटी घेऊन उकिडवा बसायचा, गिऱ्हाइकाला विटेवर बसवायचा. उत्तरेकडचा होता, सुरतेत नवा. मी त्याला विचारलं, घरी येशील का. तो लगेच उठला. मी त्याच्या पेटीतली पाती बघितली, नवीन पातं लावायला सांगितलं, वस्तरा उकळत्या पाण्यातून काढायला सांगितलं. माझ्या दृष्टीने चांगल्या न्हाव्याच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या होत्या.

माय घरी नव्हती. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणून ती घागर, खरबूज आणि आंबे आणायला गेली होती. मी तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं, गळ्याभोवती जुनी चादर बांधली. तो तुमच्याशी अदबीने वागला. चाचा, थोडा इधर, चाचा, बस हो गया. पुळ्यांना औषध नीट लागावं म्हणून मी त्याला सगळे केस उतरवायला सांगितलं. डोकं झालं, दाढी झाली. मग तो थांबला आणि त्याने मला विचारलं, “दीदी, मूँछ भी?”

मी म्हटलं, “सब. साफ़.”

तुमचा डावा हात सारखा हलत होता, पातं लागू नये म्हणून मी तो धरून ठेवला.

काम संपल्यावर मी तुमचं डोकं पुसलं, पुळ्यांना मलम लावलं, चादर झटकली. तुम्ही स्वच्छ दिसत होतात. मला समाधान वाटलं, एक काम पुरं झाल्याचं. तुम्ही डाव्या हाताने डोक्याच्या मागे चाचपलंत, मग वर, मग ओठावर बोटं ठेवलीत आणि माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, गार लागतंय.

माय आली, दारातच थांबली. डोक्यावरची घागर तिने कशीबशी खाली ठेवली. “हाई काय करं वं माय?” एवढंच म्हणाली. मग ट्रंकेतून तुमचा पंचा काढून तुमच्या डोक्याला गुंडाळू लागली. म्हणाली, आई जिवंत आहे त्यांची, गावाला खाती-पिती बसली आहे, आणि पोराचं डोकं अन् मिशी काढलीस. अपशकुन का करून ठेवलास. ती हे तुमच्यासमोर बोलली नाही. मोरीत भांडी घासता घासता हळू आवाजात माझ्याशी बोलली. तेच जर तुमच्या उशाशी बसून बोलली असती तर! मी म्हटलं, केस आहेत, पुन्हा येतील, पुळ्या महत्त्वाच्या. मला रूढी माहीत नव्हती असं नाही. आजोबा गेले तेव्हा तुम्हाला मी तसं बघितलं होतं, मिशीशिवाय, ओळखू न येणारे. बाप गेला की एकदा, आई गेली की एकदा. फक्त ते माझ्या हिशेबात त्या दिवशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायने दरवर्षीसारखी पितरांची घागर मांडली. कोपऱ्यात पाट, त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर खरबूज, बाजूला आंबे आणि सांजोऱ्या. ती आजोबांच्या नावाची घागर होती, पण आपल्याकडे नाव मोठ्याने घेत नाहीत. तुमची खाट समोरच होती. मायने घागरीला कुंकू लावलं, हात जोडले, आणि तुमच्या घशातून एक आवाज आला, तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. तुम्ही रडत होतात. तोंड वाकडं झालेलं, पाणी एकाच गालावरून जास्त वाहत होतं. माय घाबरली. मी तिला समजावलं. मी डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं होतं, या आजारात माणूस विनाकारण रडतो किंवा हसतो, मेंदूच्या त्या भागाचा ताबा सुटलेला असतो, त्याला अर्थ नसतो. मी हे मायला नीट, पायरीपायरीने सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघत ऐकत होतात. समजत सगळं होतं, फक्त बाहेर येत नव्हतं.

तुम्हाला आमरस आवडायचा. त्या दिवशी वाटी तोंडाशी नेली, तुम्ही तोंड मिटलंत. पुढचे सगळे दिवस तुम्ही फक्त पाणी आणि थोडी भाकरी घेतलीत, गोड काहीच नाही. डाव्या हाताने सारखं दाराकडे दाखवायचात. दार त्या खोलीचं रुळांच्या बाजूला होतं, जिथून भुसावळची गाडी जाते. आम्हाला वाटलं, गाडीच्या आवाजाचा त्रास होतो. मी दार लावून घेतलं. उकाड्यात दार लावलं, आप्पा. तुम्ही गावाकडे दाखवत होतात आणि मी कडी घातली.

मग एका सकाळी दार वाजलं. मी उघडलं तर फाटकावरचा न्हावी उभा होता, हातात त्याची पेटी, आणि त्याच्या मागे, त्याच्या दुसऱ्या हाताला धरून, मोठी माय. तुमच्या आजाराची बातमी त्याने आपल्या गावच्या घरी, काकाकडे जाऊन सांगितली होती, आणि परत येताना म्हातारीला गाडीत बसवून घेऊन आला होता. तिने उभ्या जन्मात जळगाव ओलांडलं नव्हतं. ती आत आली, उजेडातून आल्यामुळे तिला आधी काही दिसेना. मग खाट दिसली. तिने तुमच्या डोक्यावरचा पंचा सरकवला, ओठावरून अंगठा फिरवला.

“कोनी बोडं रे भाऊ तुन्हं डोकं? मी जित्ती शे ना आजून.”

तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मग डाव्या हाताने तिचा दंड धरलात, सोडलात, पुन्हा धरलात. तिची हनुवटी चाचपलीत, कानातलं चाचपलंत, पायांकडे वाकून बघितलंत, खरी पावलं आहेत की नाही असं. मग तिच्या मांडीवर डोकं टाकून जे रडलात त्याला मी आजार म्हणू शकले नाही. तेव्हाच मला सगळं एकदम कळलं. डोकं, मिशी, दुसऱ्या दिवशी घागर, मिटलेलं तोंड, दाराकडचा हात. तुम्ही इतके दिवस तुमच्या आईचं सुतक पाळत होतात. घरात दोन बायका होत्या, कोणीही तुम्हाला बातमी सांगत नव्हतं, फक्त खुणा दाखवत होतं, आणि एक जणी तुमचं रडणं निरर्थक आहे असं समजावून सांगत होती.

मोठी माय तुमच्या टकलावरून हात फिरवत होती. ती गरीब बाई, तिला काहीच माहीत नव्हतं, ती मला म्हणाली, पाहिलंस, किती आनंद झाला त्याला. न्हावी दारातच उभा होता. त्याने तुमच्याकडे बघितलं, मग त्याला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोलला, “आठ दिवस गावी काय गेलो, आप्पांनी दुसरा न्हावी धरला.” कोणी हसलं नाही. मग त्याने पेटी उघडली. कापायला काही नव्हतं. त्याने तेलाची बाटली काढली आणि तुमच्या डोक्याला तेल चोळत बसला, गावच्या लग्नांच्या गोष्टी सांगत, नेहमीसारखा, न थांबता. तुम्ही डोळे मिटलेत.

त्यानंतर तो दर पंधरवड्याला यायचा. केस आले, मिशी आली, अर्धी पांढरी. कल्ले खाली-वर ठेवायचा. मी पट्टी काढली नाही. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. मोठी माय तुमच्यामागे इतकी वर्षं राहिली, आणि प्रत्येक आखाजीला तुमच्या नावाची घागर स्वतः भरत राहिली. न्हावी प्लेगच्या वर्षी सगळ्यांबरोबर गावी पळाला, तो परत आला नाही. टपरीच्या जागी आता एसटीडीचं दुकान आहे.

मोठ्या मायला मी कधीच काही सांगितलं नाही. ती येऊन-जाऊन मला म्हणायची, तुझ्या बापाने मला बघितलं तेव्हा कसा रडला गं, आणि मी हो म्हणायचे. दहाव्याला ती गोष्ट काकूने पुन्हा काढली, सगळ्या बायकांना सांगितली, आईवर एवढी माया. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला अर्धं माहीत आहे. ती आजही समजते की बाजारातल्या त्या परक्या माणसाने आपल्या मनाने मिशी काढली, आपल्याकडची रीत त्याला कुठून ठाऊक. भाजीबाजारातून जाताना ती अजून त्याला शिव्या देते. रीत त्यालाही ठाऊक होती. त्याच्याही गावी तीच असणार, नाहीतर त्याने विचारलं नसतं.

हे कागद मी कुठे टाकणार नाही. मायला वाचता येत नाही, आणि दुसरं कोणी वाचावं असं नाही. पण लिहिलेलं पुन्हा वाचताना एक गोष्ट चुकीची लिहिली गेली आहे, ती तशीच ठेवता येत नाही. तुमचा डावा हात हलत होता असं मी वर लिहिलं. हात हलत नव्हता. त्याने विचारलं तेव्हा तुम्ही तो उचलून मिशीवर ठेवला होतात. मी तो तिथून काढला आणि धरून ठेवला.